ज्यूसवाल्याची बादली

भिवंडीच्या कामतघरात वऱ्हाळदेवीच्या तलावाकडे जाताना किंवा तिथून अंजूरफाट्याकडे येताना उन्हाळ्यात ज्यूसच्या गाड्या लागतात. वर मोसंब्यांची रास, शेजारी डाळिंबं, आणि चाकाआड एक बादली नाहीतर गोणी. गिऱ्हाइकाचं लक्ष मशीनमधून पडणाऱ्या धारेकडे असतं. हे प्रकरण त्या बादलीबद्दल आहे.

शंभर किलो डाळिंबं सोलली तर चाळीस-पन्नास किलो माल बादलीत जातो: वरचं टरफल आणि दाण्यांमधला पिवळट पापुद्रा. मोसंब्याचा रस काढला की साल आणि चोथा मिळून जवळपास निम्मं वजन उरतं. केळ्याच्या सालीचा वाटा तिसऱ्या हिश्शाहून जास्त असतो. पैसे अख्ख्या फळाचे मोजायचे आणि त्यातलं निम्मं घंटागाडीत टाकायचं, असा हा व्यवहार आहे.

हल्ली या बादलीला मोबाइलवर फार भाव आलाय. साली फेकू नका, वाळवा, दळा, सकाळी कोमट पाण्यातून घ्या, अ‍ॅसिडिटी जाईल, बद्धकोष्ठ जाईल, जुलाबही थांबतील. बद्धकोष्ठ आणि जुलाब दोन्ही एकाच चमच्यात बरे करणाऱ्या औषधाकडे जरा संशयानेच पाहावं. माझं मत आधीच सांगून टाकतो: सालीत औषध आहे, बादलीत नाही. या दोन्हींच्या मध्ये नेमकं काय आहे, ते पाहू.

साल हाच माल

सालीचं औषध करणं ही महाराष्ट्राला नवी गोष्ट मुळीच नाही. आपल्या प्रत्येक किराणा दुकानात एका फळाची साल बरणीत भरून विकायला ठेवलेली असते आणि ती साल आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही. ते आमसूल.

रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, एप्रिल-मेमध्ये पिकतात. ते फोडून बिया आणि गर वेगळा काढतात. साली मीठ घातलेल्या रातांब्याच्याच रसात बुडवून उन्हात टाकतात. सुकल्या की पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. काही दिवस हेच चालतं आणि पाऊस दारात यायच्या आत उरकावं लागतं. दर फेरीला साल जास्त काळी, जास्त आंबट आणि जास्त टिकाऊ होते. उरलेल्या रसाचं आगळ होतं, बियांचं तेल काढतात, भेगा पडलेल्या टाचांना ते लावतात. अख्ख्या झाडाचा मुख्य माल म्हणजे ही साल. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने १९९७ साली ‘कोकण अमृता’ हे वाण काढलं तेव्हाही सालीचाच विचार होता. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

पोटासाठी आमसुलाचे उपयोग कोकणात कुणाला शिकवावे लागत नाहीत. माशाच्या जेवणावर सोलकढी, पोट जड असलं की आमसुलाचं सार, अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या की आमसूल भिजवलेलं पाणी, प्यायलाही आणि वरून लावायलाही. आंबट असूनही पित्त शमवणारा पदार्थ अशी त्याची ख्याती आहे. यामागचा आधुनिक पुरावा प्रामुख्याने प्रयोगशाळेतला आहे. सालीत गार्सिनॉल नावाचं द्रव्य, लाल-जांभळे अँथोसायनिन रंग आणि हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल असतं. पहिल्या दोन्हींचा दाह कमी करण्याचा गुण पेशींवर आणि प्राण्यांवर तपासला गेला आहे. ज्याला रात्री आडवं पडल्यावर घशाशी आंबट येतं त्याने मात्र आगळ रिकाम्या पोटी पिऊन ख्यातीची परीक्षा घेऊ नये. रक्तदाब असलेल्यांनी त्यातलं मीठही मोजावं.

त्या हायड्रॉक्सीसिट्रिक आम्लाची गोष्ट बोधप्रद आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत लुईस आणि नीलकंठन यांनी १९६५ साली कोकमाच्या केरळी भावंडात, म्हणजे कुडमपुळीत, ते ओळखलं. पुढे अमेरिकेत कुणाच्या तरी लक्षात आलं की हे आम्ल चरबी तयार होण्याच्या क्रियेत अडथळा आणतं. झालं, सालीच्या अर्काच्या कॅप्सूल ‘बारीक व्हा’ म्हणून खपू लागल्या. १९९८ मध्ये १३५ जणांवर बारा आठवडे चाचणी झाली, तेव्हा खरी कॅप्सूल आणि खोटी कॅप्सूल यांत फरक दिसला नाही. अशा अर्कांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मात्र पुढे येत राहिल्या. सारात दोन आमसुलं पडतात तेव्हा असं काही होत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने मात्रा ठरवलेली असते. कॅप्सूलला तसा भूतकाळ नसतो.

सालीचं औषध सिद्ध झाल्याचं दुसरं भक्कम उदाहरण इसबगोल. ते फळाचं नाही, बीच्या सालीचं. उत्तर गुजरातेतल्या ऊंझ्याच्या बाजारातून जगभर जातं. पाणी धरून फुगायचं आणि मळ मऊ करायचा, एवढंच त्याचं काम. ते इतकं नीट तपासलं गेलंय की डॉक्टर चिठ्ठीवर निःशंक लिहून देतात. इथेही साल हाच माल आहे, उरलेला कचरा नव्हे.

नासपाल

आता डाळिंब. महाराष्ट्र हे देशातलं सर्वांत मोठं डाळिंब उत्पादक राज्य. सोलापुरात २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे आणि सोलापूरच्या डाळिंबाला मानांकनही आहे. वाळलेल्या टरफलाला व्यापारात नासपाल म्हणतात. जुन्या घरांत पोट बिघडलं की टरफलाचा तुकडा सहाणेवर उगाळून ताकातून देत. आयुर्वेदात ही साल अतिसारावर आहे. भिवंडीत तिला आणखी एक घर आहे. एकोणिसाव्या शतकात उत्तर प्रदेशातून आलेल्या मोमिन विणकरांनी मागाबरोबर युनानी वैद्यकही आणलं. हकिमाच्या चिठ्ठीत हीच साल ‘पोस्त-ए-अनार’ होते. युनानीत सालींचं एक लहानसं खातंच आहे: महाळुंगाची साल म्हणजे पोस्त-ए-तुरंज, पिस्त्याचं बाहेरचं साल म्हणजे पोस्त-ए-बैरून-ए-पिस्ता. जवारिश नावाच्या पाचक अवलेहांच्या पाककृतींत ही नावं भेटतात.

डाळिंबाची साल काम करते ती टॅनिनमुळे. वाळलेल्या सालीत ते वजनाच्या चौथ्या हिश्शापर्यंत असू शकतं, आणि त्यात मोठा वाटा प्युनिकॅलॅजिन या द्रव्याचा. टॅनिनला प्रथिनांचं विलक्षण आकर्षण. सालीचा तुकडा चावला की तोंड तुरट होतं, जीभ टाळूला खरखरीत लागते. लाळेतली गुळगुळीत प्रथिनं टॅनिनने पकडून गोळा केलेली असतात. आतड्याच्या आतल्या अस्तरावर हेच घडतं. वरच्या थरातली प्रथिनं आवळली जातात, पातळसा पडदा बसतो, पाझर कमी होतो. मळ घट्ट होतो तो यामुळे. युरोपातही टॅनिन आणि प्रथिन यांची संयुगं जुलाबावर विकली गेली. जिलेटिन टॅनेट नावाने त्यातलं एक आजही मिळतं. आजीची सहाण आणि औषधविक्रेत्याची पुडी यांचं रसायन इथे एक आहे.

याच कारणाने बद्धकोष्ठाच्या रोग्याला डाळिंबाच्या सालीचं चूर्ण देणं म्हणजे बंद दाराला बाहेरून कडी घालणं.

मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडण्याचा एक हट्टी आजार असतो, अल्सरेटिव्ह कोलायटिस. इराणमध्ये त्याच्या रुग्णांना नेहमीच्या औषधांच्या जोडीला डाळिंबाच्या सालीचा काढा चार आठवडे देऊन पाहिला. चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. काढा घेणाऱ्यांना बरं वाटण्याकडे कल दिसला, पण रुग्ण थोडे आणि मुदत लहान, त्यामुळे निर्विवाद असं काही म्हणता आलं नाही. अशा चाचण्यांबद्दल वर्तमानपत्रांत मथळा येतो आणि पुढचं वाक्य येत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

आणखी एक गुंता. या टॅनिनचे तुकडे आपल्या आतड्यातले काही जिवाणू पचवतात आणि त्यातून युरोलिथिन नावाची द्रव्यं बनतात. आतड्याच्या अस्तराला ती हितकर असावीत असं बऱ्याच प्रयोगांतून दिसतं. मात्र ते जिवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात. एकाच घरातल्या दोघांनी एकच काढा घेतला तरी औषध एकाच्याच पोटात तयार होईल, असं घडू शकतं.

जंतांवरच्या उपायाचं एक वेगळंच प्रकरण आहे. जुन्या वैद्यकात पट्टकृमीसाठी डाळिंब सांगितलंय, पण ती झाडाच्या मुळाची साल. फळाचं टरफल नव्हे. शार्ल तान्रे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १८७८ साली तिच्यातून पेलेटिएरिन वेगळं केलं. ते विषारी आहे: चक्कर, उलट्या, अंधुक दिसणं. आज जंतांवर स्वस्त आणि खात्रीची गोळी मिळत असताना त्या वाटेला जायचं काही कारण नाही.

लोखंड आणि टॅनिन

भिवंडीसारख्या कापडाच्या गावात टॅनिनबद्दल लिहायचं आणि रंगाबद्दल लिहायचं नाही, हे बरं दिसणार नाही. नासपाल हे देशातलं जुनं रंगद्रव्य. तुरटी लावलेल्या सुताला ते पिवळा रंग देतं. त्याच कुंडात लोखंडाचं पाणी घातलं की पिवळा मावळतो आणि करडा, काळपट रंग चढतो. हिरड्याचंही तसंच. छपाईच्या आधी सुती कापड हिरड्यात बुडवतात ते टॅनिन धाग्याला घट्ट बसावं म्हणून, आणि कलमकारीतला काळा रंग त्या टॅनिनला लोखंड भेटून होतो.

पोटातही टॅनिनला लोखंड भेटतं. पालेभाजीतलं, नाचणीतलं, आरोग्य केंद्रातून मिळालेल्या गोळीतलं. दोघं जोडीने बसली की ते लोह आतड्यातून शोषलं जात नाही, सरळ बाहेर जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. या राज्यात घरोघरी सकाळी जेवणाबरोबर डाळिंबाच्या सालीचं चूर्ण सुरू करण्याचा सल्ला देणाऱ्याने हा आकडा वाचलेला नसावा. चहाबद्दलही डॉक्टर हेच सांगतात: लोहाच्या गोळीपासून तासा-दोन तासांचं अंतर ठेवा. सालीच्या काढ्यालाही हाच नियम. गरोदर बाईने तर वैद्याला विचारल्याशिवाय तो घेऊच नये.

मोसंब्याचं पांढरं

मोसंबी-संत्र्याची साल वेगळ्या जातीची. बाहेरच्या रंगीत थरात तेलाचे सूक्ष्म बुडबुडे, आतल्या पांढऱ्या मऊ थरात पेक्टिन. हेन्री ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२५ साली पेक्टिनचं वर्णन केलं. जॅम थिजतो तो त्याच्यामुळे. वाळलेल्या लिंबूवर्गीय सालीत ते वीस ते तीस टक्के निघतं. जगात पेक्टिन मुख्यतः याच सालींपासून आणि सफरचंदाच्या चोथ्यापासून बनवतात.

पेक्टिन आपल्याला पचत नाही, आणि तेच त्याचं बलस्थान. ते लहान आतड्यातून पाणी धरत, चिकट होत पुढे सरकतं आणि मोठ्या आतड्यात पोहोचलं की तिथल्या जिवाणूंचं जेवण होतं. जिवाणू त्याच्यापासून लहान साखळीची आम्लं बनवतात. त्यातलं ब्युटिरेट म्हणजे मोठ्या आतड्याच्या पेशींचं मुख्य इंधन; या आम्लांच्या ओढीने पाणी आणि मीठही शरीरात परत शोषलं जातं. ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्राने २००१ साली रेंगाळलेल्या जुलाबाच्या तान्ह्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना भाताच्या पेजेत शिजवलेलं कच्चं केळं, काहींना पेक्टिन आणि काहींना नुसती पेज. केळ्याच्या आणि पेक्टिनच्या गटांतली मुलं नुसत्या पेजेवरच्या मुलांपेक्षा स्पष्टपणे लवकर बरी झाली. केळं इथे सालीसकट नव्हतं आणि पेक्टिन शुद्ध केलेलं होतं, हे लक्षात ठेवायचं. तरी पेक्टिनचं हे काम खरं आहे, एवढं नक्की.

रंगीत थरातल्या तेलात नव्वद टक्क्यांहून अधिक लिमोनीन असतं. बायोगॅस चालवणाऱ्यांना ते चांगलंच ठाऊक आहे, कारण संयंत्रात मोसंब्याच्या साली जास्त पडल्या की गॅस बसतो. लिमोनीन जिवाणूंना मारक आहे. आतड्यातल्या जिवाणूंना खायला घालायचं म्हणून साल खावी, तर तिचाच बाहेरचा थर मुठीने खाल्ल्यावर कदाचित उलटं काम करील. चिमूटभर किसलेल्या सालीने काही होत नाही. भसाभस दळलेल्या चूर्णाबद्दल मी तेवढी हमी देणार नाही.

सुश्रुतसंहितेत महाळुंगाच्या सालीचं वर्णन असंच दुहेरी आहे: कडू, कृमिनाशक आणि पचायला जड. एकाच सालीला औषध म्हणायचं आणि जडही म्हणायचं, हा प्रामाणिकपणा मोबाइलवरच्या व्हिडिओंत येईल तेव्हा मी ते आनंदाने पाहीन. आपलं लिंबाचं लोणचं हा या जडपणावरचा मराठी तोडगा. मिठात महिनोन्‌महिने मुरलेली साल मऊ होते, कडूपणा उतरतो आणि तापातून उठलेल्या माणसाला मऊ भाताबरोबर ती पहिली चव म्हणून देतात.

चिनी लोकांनी यातून व्यापार उभा केला. ग्वांगडोंग प्रांतातल्या शिन्हुई इथली वाळवलेली संत्र्याची साल, ‘चेनपी’, वर्षानुवर्षं मुरवून पोटफुगी आणि अपचनावर देतात. जितकी जुनी तितकी महाग. तिथे फळ सोलतात ते सालीसाठी, आणि गर कित्येकदा वाया जातो. ते संत्रं आणि नागपुरी संत्रं वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने एकाच जातीतले. नागपुरात १९८५ पासून लिंबूवर्गीय फळांची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, विदर्भात लाखो झाडं आहेत, आणि सालीची मजल उटण्यापर्यंत.

बादली आणि बरणी

मग कामतघरच्या बादलीत असं काय आहे की ती औषध होत नाही? पहिलं म्हणजे फवारणी. डाळिंबावर तेल्या रोग पडतो. तो जिवाणूंचा आहे, त्यामुळे बागायतदार तांब्याची बुरशीनाशकं आणि स्ट्रेप्टोसायक्लिन हे प्रतिजैविक फवारत आले. फवारा बसतो सालीवर. आपण दाणे खातो तेव्हा त्यातलं बरंच टरफलाबरोबर निघून जातं. टरफलच खायचं ठरवलं तर तो फवाराच पोटात घेतो. आतड्यातल्या जिवाणूंच्या भल्यासाठी प्रतिजैविक फवारलेली साल खाणं हा विनोद कुणी मुद्दाम रचला नसता. धुण्याने वरवरचं जातं. तेलकट सालीत मुरलेलं सगळं जात नाही.

दुसरं म्हणजे वेळ. आमसूल करणारा माणूस फळ फोडल्याबरोबर मीठ आणि ऊन लावतो. बादलीतली साल दुपारपासून रात्रीपर्यंत रसात, माश्यांत, इतर कचऱ्याबरोबर पडून असते. भिवंडीच्या दमट हवेत तिला बुरशी धरायला फार वेळ लागत नाही. बुरशीचं विष उन्हाने किंवा दळण्याने जात नाही.

यातून वाट नाही असं नाही. एखाद्या गाडीवाल्याने धुतलेल्या मोसंब्यांच्या साली स्वच्छ डब्यात वेगळ्या ठेवल्या, त्या त्याच दिवशी उचलल्या, यंत्रात वाळवल्या, फवारणीचे अवशेष तपासले, तर पेक्टिनचा कच्चा माल तिथेच आहे. पण त्यासाठी बागेपासून डब्यापर्यंत कुणीतरी सालीला माल समजून वागवावं लागेल. तिचं औषध म्हणून चूर्ण विकायचं तर आयुर्वेदिक औषधाचा परवाना लागतो, खाद्य म्हणून विकायचं तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा. तोवर उरलेली साल खताला द्यावी. खताच्या खड्ड्याला मोसंब्याची थोडी साल चालते, फार नको.

आणि घरात मुलाला जुलाब लागले, तर सहाण शोधण्यात वेळ घालवू नये. आधी क्षारसंजीवनी. साखर, मीठ आणि पाणी यांच्या या मिश्रणाने १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत दिलीप महालनबीस यांनी असंख्य जीव वाचवले. जुलाबात माणूस दगावतो तो पाणी गेल्याने. साल मळ घट्ट करील, गेलेलं पाणी परत आणणार नाही. जोडीला डॉक्टर झिंकच्या गोळ्या देतात. मळात रक्त, ताप, डोळे खोल गेलेले, लघवी बंद, यातलं काहीही दिसलं तर थेट दवाखाना.

शिरांची चटणी

निरोगी माणसाला रोज तंतू हवेत म्हणून साली खायच्या असतील, तर एक उपाय आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे: दोडक्याच्या किंवा दुधीच्या सालीची चटणी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद दोन हजार कॅलरींच्या आहाराला सुमारे ३० ग्रॅम तंतू सांगते. दोडका आणि दुधी ही वनस्पतिशास्त्राने फळंच, आणि त्यांच्या सालीत ना डाळिंबाचं टॅनिन ना मोसंब्याचं तेल. कलिंगडाचा लाल गर खाऊन उरलेल्या पांढऱ्या भागाची भाजी किंवा थालीपीठही याच रांगेतलं. ज्यांचं पोट चटकन फुगतं, चिडचिड करतं, त्यांनी एकदम वाटीभर खाऊ नये. एक चमचा, मग आठवडाभराने दोन.

कामतघरच्या आसपास आणि पद्मानगरात तेलंगणातून आलेली पद्मशाली विणकर कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत. मराठी घरात जी दोडक्याच्या शिरांची चटणी, तीच तेलुगू घरात बीरकाय पोट्टू पच्चडी. आपल्याकडे शिरा तेलावर कुरकुरीत परततात, तीळ, सुकं खोबरं, लसूण, तिखट घालून कोरडी चटणी करतात. तिकडे उडदाची डाळ, मोहरी आणि सुक्या मिरच्या तेलात परततात, मग साल मऊ होईपर्यंत शिजवतात आणि चिंच घालून ओलसर वाटतात. दोन्हींत पहिलं काम एकच: दोडका सोलायच्या आधी मिठाच्या पाण्यात ठेवून चोळून धुवायचा, आणि टोकाचा एक तुकडा चाखून पाहायचा. कडू लागला तर सालीसकट अख्खा दोडका टाकून द्यायचा. तो कडूपणा कुकुरबिटासिनचा असतो आणि त्याने पोट जबर बिघडतं.